बाळारामचे सहा दात

कामोठे,
रविवार, दुपार

प्रिय रेवा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधीच सांगते, घरी सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा बाबा जास्त कुरकुरतात, ते तुला माहीतच आहे. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर आपण दोघी फार शहाण्यासारख्या वागतो. तू विचारतेस जेवलीस का, मी विचारते नाशिकला थंडी पडली का, आणि चार मिनिटांत दोघींनाही काहीतरी काम आठवतं. तीन वर्षं हे असंच चाललंय. मला जे सांगायचंय ते चार मिनिटांत मावणारं नाही, आणि मध्येच तू 'आई, पेशंट आलाय' म्हणालीस तर मी पुन्हा धीर करणार नाही. म्हणून क्लिनिकला सुट्टी असताना इथेच येऊन बसलेय. वरच्या मजल्यावर ट्यूशनवाल्यांची दहावीची बॅच चालू आहे आणि कुणीतरी एकच प्रमेय चौथ्यांदा समजावून सांगतंय. माझं अक्षर लागलं नाही तर शेजारच्या केमिस्टला दाखव, त्या लोकांना डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचता येतं.

बाळाराम आठवतो ना तुला? गव्हाणचा, उंच, तोंडात कापसाचे बोळे कोंबले तरी ज्याचं बोलणं थांबायचं नाही तो. तू त्याला रेडिओकाका म्हणायचीस. तो आता दहा पावलं चालला की थांबतो. मागच्या दिवाळीपासून दम लागायला लागला, मग खोकला, आणि शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की फुप्फुसं कायमची खराब झालीत, आता उरलंय तेवढं सांभाळायचं. तळोज्याच्या ज्या कारखान्यात तो अकरा वर्षं ॲसिडच्या टाकीवर उभा होता, तिथल्या ठेकेदाराने त्याला त्याच महिन्यात घरी बसवलं. बाळारामने कोर्टात दावा लावलाय की हा आजार कामामुळे झाला. कंपनी म्हणते, आमच्या टाकीची वाफ बाहेर येतच नाही, हा माणूस बिड्या ओढत असणार. भीमाबाई, म्हणजे त्याची बायको, शपथेवर सांगते की त्याने आयुष्यात बिडी तोंडाला लावली नाही. या महिन्याच्या सत्तावीस तारखेला पुरावा द्यायचा शेवटचा दिवस आहे. आजार कामामुळे झाला असं ठरलं तर त्याच्या उपचारांची आणि ऑक्सिजनच्या मशीनची जन्मभराची सोय होईल. नाही ठरलं तर तो घरी खाटेवर बसून राहील, आणि असा किती दिवस बसेल ते डॉक्टरांनी भीमाबाईला बाजूला घेऊन सांगितलंय.

यात दातांच्या डॉक्टरणीचा काय संबंध, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. तू विचारणार नाहीस. तुला संबंध माहीत आहे, आणि माझ्याआधी तू तो बोलून दाखवला होतास. तरी मला सगळं पहिल्यापासून सांगू दे, कारण हे मी स्वतःलासुद्धा सलग असं कधी सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तुझी इंटर्नशिप चालू होती आणि तू शनिवार-रविवार माझ्या हाताखाली काम करायला यायचीस, म्हणून मी रविवारीही क्लिनिक उघडायचे. बाळाराम तोंडावर हात ठेवूनच आत आला. मेमध्ये मुलीचं, भाविकाचं, लग्न होतं आणि त्याला फोटोत हसायचं होतं, एवढंच त्याचं म्हणणं. हात काढला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. वरचे चार आणि खालचे दोन दात काठाकडून निम्मे विरघळले होते, उरलेला भाग काचेसारखा गुळगुळीत आणि पिवळा. वय पंचेचाळीस, पण हसला की पासष्टचा दिसायचा. दाढा मात्र उत्तम. झीज बरोबर तेवढ्याच पट्ट्यात होती, जेवढा भाग बोलताना ओठांमधून उघडा पडतो. बोलक्या माणसाचा तो पट्टा जरा मोठा असतो, एवढंच.

त्या दोन रविवारी मी जे काम केलं, तसं काम मी आयुष्यात चार-पाच वेळाच केलं असेल. आधी त्याला खिडकीशी नेलं, ट्यूबलाइट बंद केली, आणि रंगाच्या पट्ट्या त्याच्या ओठांशी धरून तुला विचारलं, कुठला? तू सांगितलास तो बरोबर होता, मी मुद्दाम तोंड वाकडं केलं, कारण लगेच शाबासकी दिली की तुझी मान ताठ होते. दात ओला असतानाच रंग ठरवायचा, हे तुला मी तिसऱ्या वर्षापासून पढवत होते. तोंड उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसायला लागतो, आणि त्या खोट्या पांढऱ्याशी जुळवलं की दुसऱ्या दिवशी ठिगळ उठून दिसतं. मग थरावर थर, आतला जरा पिवळट, बाहेरचा पातळ, काठाशी दुधी, आणि प्रत्येक थरावर तो निळा प्रकाश वीस वीस सेकंद. शेवटी एका दाताच्या काठावर मी अगदी बारीक तपकिरी रेघ ओढली. तू म्हणालीस, मुद्दाम डाग कशाला. मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पंचवीस वर्षांचे दात शोभत नाहीत. माझं फिलिंग दुसऱ्या डॉक्टरला शोधून सापडत नाही, हे मी किती जणांना ऐकवलं असेल, तुला तर त्याचा वीटच आला असेल. आरसा हातात दिल्यावर रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला. मग एकेक दात बोटाने चाचपत तो म्हणाला की हे माझेच आहेत ना, आणि तुला हसू आवरेना.

लग्नाला आपण तिघंही गेलो होतो. विमानतळाचं काम जोरात होतं, रस्त्यावर इतकी धूळ की माझी मोतिया साडी घरी पोचेपर्यंत बदामी झाली. भीमाबाईने तुझा हात धरून तुला पंक्तीत तीनदा वाढलं. बाळाराम प्रत्येक फोटोत दात दाखवून उभा होता, व्याह्यांच्या शेजारी, बँडवाल्यांच्या शेजारी, जेवणाच्या भांड्यांच्या शेजारीसुद्धा. परत येताना गाडीत मी बाबांना म्हटलं की आपल्या धंद्यात असं सुख फार कमी वेळा मिळतं. तू मागे बसून खिडकीबाहेर बघत होतीस. मी समजले, दमली असेल.

बाळारामच्या आधी त्याच खात्यातले दोघे येऊन गेले होते, नंतर आणखी दोघे आले. तिथे लोखंडाच्या सळया गरम ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढतात, वाफ वर येते, आणि पंखा बहुतेक वेळा बंद असतो, असं ते आपापसात बोलायचे. त्यातल्या एकाचे दात बऱ्यापैकी शाबूत होते. तो मुळात अबोल माणूस. जो तोंड उघडतो त्याचेच दात जातात, असं तो ओठ न उघडता हसून म्हणाला, आणि मीही हसले. आपल्या केसपेपरवर 'कारण' नावाचा रकाना आहे. तो मीच हौसेने छापून घेतलाय, इतर डॉक्टरांच्या कागदावर नसतो म्हणून. पहिल्या दोघांनी हात जोडले की बाई, कारखान्याचं नाव घालू नका, आम्ही ठेक्यावरची माणसं, उद्या गेटवर कार्ड चालणार नाही. मी त्या रकान्यात लिहिलं, 'थंड पेये, लिंबू'. मला त्यांची दया आली होती, ते खोटं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीचा वेलफेअर ऑफिसर भेटायला आला, अतिशय गोड माणूस, म्हणाला आमची माणसं तुमच्याकडे येतातच, तर क्लिनिक पॅनेलवर घेतो, बिलं कंपनी भरेल. जाता जाता म्हणाला की ही गावाकडची मंडळी कोल्ड्रिंक फार पितात, नाही का मॅडम. मी म्हटलं, हो ना. तेव्हा मी पेशंटची नवी खुर्ची नुकतीच कर्जाने घेतली होती.

आता गेल्या महिन्यातलं. मंगळवारी सकाळी मी शटर वर केलं तर भीमाबाई पायरीवर बसलेली. बाळाराम समोर रिक्षात, पाय बाहेर सोडून, छाती धरून. आल्या आल्या तिने माझ्या हातात ताज्या मासळीची, करंदीची पिशवी दिली, रिकाम्या हाताने ती कधीच येत नाही. मग तिने कोर्टाच्या सांगण्यावरून झालेल्या तपासणीचा कागद पुढे केला. तो मी उभ्या उभ्या वाचला. फुप्फुसांबद्दल पानभर मजकूर होता, त्यात धूम्रपानाची शक्यता नाकारता येत नाही, असं वाक्य. आणि खाली एक ओळ, 'पुढील दात सुस्थितीत, ॲसिडमुळे झीज झाल्याची खूण नाही.' दातांबद्दल लिहा असं बाळारामच्या वकीलबाईंनी, फरहाने, मुद्दाम मागितलं होतं, कारण ॲसिडची वाफ जिथे असते तिथे ती पुढच्या दातांवर सही करून जाते. दम लागण्याचं खापर बिडीवर फोडता येतं, पण बिडीने कुणाच्या दाताचा काठ विरघळत नाही. बाळारामच्या तोंडात त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा होता, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला तो दिसला नाही. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. तो काही दातांचा डॉक्टर नव्हता, आणि त्याला फसवायला मी माझे दोन रविवार घातले होते.

भीमाबाईने कागद माझ्या हातून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बाई, तुमी यवढं चांगलं केलंय का डॉक्टरला कायच दिसलं नाय. आता ते सिमीट काढून द्या. खालचं सायबाला दाखवाचं हाय."

ती रागावलेली नव्हती, रेवा. तिने हे अशा सुरात सांगितलं की जणू टाके काढायला आली आहे. अठ्ठावीस वर्षांत दात भरून द्या म्हणणारे मी हजारो बघितले, भरलेला दात मोडून द्या म्हणणारं हे पहिलंच माणूस. मी तिला खुर्चीशेजारी बसवून समजावलं. सिमेंट बसावं म्हणून मी झिजलेल्या काठांना ड्रिलने उतार दिला होता, वरचा गुळगुळीत थर खरवडला होता. आता वरचं काढलं तर खाली दिसेल ती माझी कारागिरी, टाकीची नाही, आणि कंपनीचा वकील म्हणेल की डॉक्टरणीने परवाच घासून पाठवले. इथे भरलंय एवढं सिद्ध होईल, का भरावं लागलं ते होणार नाही. आणि हेही तिला सांगितलं की सिमेंट चिकटावं म्हणून मी स्वतः दातावर ॲसिड लावते, वीस सेकंद मोजून, आणि लगेच पाण्याने धुते. त्यावर ती म्हणाली की टाकीवर यांना कुणी वीस सेकंद मोजून दिले नाहीत.

तरी तिचा हट्ट सुटेना, निदान एक तरी काढा म्हणाली. तेवढ्यात बाळाराम भिंतीला धरून आत आला होता. चार शब्द, मग श्वास, मग चार शब्द, असं तो आता बोलतो. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "ऱ्हाव दे, बाई. पोरीच्या लग्नाला याच दातांनी हसलूय मी." मी आत निर्जंतुकीकरणाच्या खोलीत गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेर आले तर दोघं माझ्या काळजीने उठून उभे राहिले होते.

आता जे लिहायचं ते लिहायला मी तीन दिवस हातात पेन घेऊन बसतेय. वर मी लिहिलंय की त्या माणसांनी हात जोडले म्हणून मी कारण बदललं. पहिल्या दोघांनी जोडले होते. बाळारामने नाही. त्याने माझ्याकडून काहीच मागितलं नव्हतं. खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, दात असे कशाने झाले, तर तो त्याच्या रेडिओच्या आवाजात म्हणाला की टाकीची वाफ घशात उतरते बाई, संध्याकाळी भाकरी चावली तरी दातांना झिणझिण्या येतात, आमच्या खात्यात सगळ्यांचं असंच आहे, लिहा तुम्ही. लिहा तुम्ही, असं म्हणाला होता तो. तू ट्रे घेऊन माझ्या उजव्या हाताला उभी होतीस. आणि मी मान डोलावून 'थंड पेये, लिंबू' लिहिलं. हात सवयीने चालला असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की पॅनेलचं पत्र आदल्याच आठवड्यात आलं होतं.

तो गेल्यावर तू मला विचारलंस, एकाच खात्यातल्या तीन माणसांचे तेच दात कसे झिजले, आणि त्याने सांगितलेलं तू का नाही लिहिलंस. तुझा आवाज चढलेला नव्हता. चढला तो माझा. मी म्हणाले, "इथे दात भरायचे असतात, चौकशा करायच्या नसतात. एवढं तत्त्व सांभाळायचं असेल तर स्वतःचं क्लिनिक काढ." मुलीला असं बोलल्यावर आई तासाभरात विसरते आणि मुलगी विसरत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी विसरले मात्र नव्हते. तुला वाटलं असेल की मी विसरले, म्हणून हे लिहिते.

त्यानंतर तुझं ते कॉलेजचं पोस्टर. बाळारामचे आधीचे आणि नंतरचे फोटो तू काढले होतेस, गालाला ती प्लॅस्टिकची चिमटी लावून, आरसा धरून, त्याची संमतीची सही घेऊन. पहिल्या मसुद्यात तू कारण लिहिलं होतंस, 'कामाच्या ठिकाणी ॲसिडच्या वाफेशी अनेक वर्षे संपर्क'. मी ते वाचलं आणि सांगितलं की केसपेपरशी जुळवून घे, नाहीतर परीक्षक विचारतील. तू बदललंस. दुसरं बक्षीस मिळालं, मी सोसायटीभर पेढे वाटले, आणि तू ते सर्टिफिकेट माझ्या टेबलाच्या खालच्या खणात उलटं ठेवून नाशिकला गेलीस. अनुभव घ्यायचाय, म्हणालीस. मी लोकांना सांगत राहिले, पोरगी स्वाभिमानी आहे, आईच्या आयत्या क्लिनिकमध्ये बसायचं नाही तिला. ते ऐकताना बाबा नेहमी पेपर वर धरायचे.

भीमाबाई येऊन गेली त्याच संध्याकाळी मी पनवेलला फरहाच्या ऑफिसात गेले. उरण नाक्याजवळ अझहर वकिलांची जुनी पेढी होती, ती आता त्यांची मुलगी चालवते. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, डोक्यावर ओढणी, समोर फायलींचा ढीग, आणि मध्येच नाकावरचा चष्मा शोधणारी. मी तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्यातलं काहीच गाळलं नाही, आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून दिली की बाळारामने मला कारण सांगितलं होतं आणि मी जाणूनबुजून दुसरं लिहिलं. कंपनीने मला पॅनेलवरून काढलंय, पत्र दोन ओळींचं होतं. डेंटल कौन्सिलकडे माझी तक्रार होऊ शकते, तेही फरहाने आधीच स्पष्ट केलं. होऊ दे. मला भीती वाटते, नाही असं नाही. अठ्ठावीस वर्षं या सेक्टरमध्ये माझ्या अक्षरावर लोकांनी विश्वास ठेवलाय. पण रोज सकाळी शटर वर करताना ती पायरी दिसते, ती त्याहून जास्त भीतीदायक आहे.

तेव्हाचे फोटो आठवले आणि मला वाटलं, झालं, सुटला बाळाराम. केसपेपरला टाचलेले छापील फोटो मी फरहाला नेऊन दिले. तिने ते बराच वेळ बघितले, मग ती चुकचुकली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची नियत साफ आहे. पण कोर्टात तुमच्याच हातचा कागद तुमच्या विरोधात उभा आहे. आज तुम्ही शब्द फिरवला, तर ते म्हणतील, बाईंना गरिबाची दया आली." ती खरं तेच सांगत होती. जी डॉक्टर एकदा दयेपोटी खोटं लिहिते, ती दुसऱ्यांदाही लिहील असं कुणीही समजणार. त्या छापील फोटोंवर तारीख नाही, आणि कोणी काढले, कशासाठी काढले, हे सांगणारी मीच.

रेवा, आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते फोटो तुझ्या फोनमध्ये तारखेसकट असतील, आणि पोस्टरचा तो पहिला मसुदा तुझ्या जुन्या लॅपटॉपवर असेल, तू काही पुसून टाकत नाहीस. दोन्ही फरहाला पाठव, तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. पण नुसते पाठवून भागणार नाही, ज्याने काढले त्याने उभं राहून सांगावं लागतं. सत्तावीसला सकाळी अकराला ये. मला वाचवायला येत असशील तर येऊ नकोस. बाळारामच्या बाजूने ये, म्हणजेच माझ्या विरुद्ध ये. ते तुला विचारतील, पेशंटने कारण काय सांगितलं होतं. ते सांग. विचारतील, मग कागदावर वेगळं कसं. तेही सांग, मी काय बोलले ते शब्द न बदलता सांग. शेवटी कंपनीचा वकील, मला खोटारडी ठरवायला, विचारेल की तुमच्या आईला हे सगळं त्याच दिवशी माहीत होतं का, आणि तेव्हा तुझी जीभ अडखळेल, कारण तू माझी मुलगी आहेस. मी मागच्या बाकावर भीमाबाईशेजारी बसलेली असेन. माझ्याकडे बघू नकोस. फक्त 'हो' म्हण.

तुझीच,
आई